नाव घातलेला गंज

कमानीसाठी घरटी एक भांडं द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात शेवटी मी दिलं. द्यायचं नव्हतं असं नाही. कोणतं द्यायचं ते ठरत नव्हतं.

नागपूरच्या हुडकेश्वरला आमच्या लेआउटच्या, म्हणजे नव्या वसाहतीच्या, मागे जुनं गावठाण आहे आणि दोन्हींच्या मध्ये एक भिंत. आम्ही दोघं इथे घर बांधून राहायला आलो तेव्हाही ती होती. गावातली जनावरं इकडे येऊ नयेत म्हणून बांधली, असं लेआउटमधले सांगतात. आमचा रस्ता अडवायला बांधली, असं गावातले सांगतात. मागच्या पावसाळ्यात तिचा दहा-बारा फुटांचा तुकडा पडला आणि कोणी न सांगता लोक त्यातून जाऊ-येऊ लागले. आमच्याकडच्या बायका गावात दळण न्यायच्या, गावातली मुलं आमच्याकडे शिकवणीला यायची. भाजीवाल्या रंभाबाईंचा अर्ध्या तासाचा वळसा वाचला. भिंत पुन्हा बांधायची की फाटक लावायचं, यावर सोसायटीच्या तीन सभा झाल्या. तिसऱ्या सभेला कोणाच्या तरी ओळखीने रितिका आली.

रितिका जरीपटक्याची. शिल्पकार. वय तीस-बत्तीस, केसांत वेल्डिंगचा काळा चष्मा खोचलेला. ती म्हणाली, "भिंत नको, फाटक पण नको. कमान करू. दोन्हीकडच्या घरांतल्या भांड्यांची."

"भांड्यांची?" आमचे अध्यक्ष चंपतराव म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत, पण अजून सभा तशीच चालवतात. "म्हणजे लोकं म्हणतील, हुडकेश्वरवाल्यायनं भंगाराचं दुकान लावलं."

"भंगार नाही काका. प्रत्येक भांड्यावर नाव असतं ना? कोणी कोणाला दिलं, कधी दिलं. तेच तर दाखवायचं आहे."

इथे गोंधळ झाला. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं गावाच्या बाजूला. सभेला बोलावलेले गावातले बाबाराव उठून म्हणाले, "माह्या बापाचं नाव पायाशी नाई पायजे." अर्ध्या तासाने चंपतरावांनी टेबलावर हात आपटला. "नावं आतल्या बाजूनं. बाहेरून कोणाचंच नाही दिसणार. मंजूर?" मंजूर झालं. रितिकाचा चेहरा पडला, पण ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे. लावायच्या आधी मी प्रत्येक नावाचा फोटो काढून ठेवीन."

घरी येऊन मी ओट्याखालची कपाटं उघडली. माझ्याकडे अजून साठ-सत्तर भांडी आहेत. एकटीला तीन पुरतात. एक वाटी काढली तर तिच्यावर ‘सौ. अक्कांकडून, मंगळागौर’. ताट काढलं तर पुष्करच्या मुंजीतलं, देणारे पती-पत्नी दोघंही गेलेले. पुष्कर बंगलोरला असतो. रविवारी व्हिडिओवर बोलतो आणि म्हणतो, आई, हे सगळं काढून टाक आता. त्याला मी हो म्हणते. त्या दुपारी मी फरशीवर बसून एकेक नाव वाचत गेले आणि कूलरमधलं पाणी संपलेलंही कळलं नाही. देण्यासारखं एकही निघालं नाही. प्रत्येकाला अजून माणूस चिकटलेला होता.

मग माळ्यावरच्या खिळ्यांच्या भांड्याची आठवण झाली.

ते ह्यांचं सामान. एका जुन्या गंजात ह्यांनी खिळे, वॉशर, नळाच्या चकत्या, उरलेल्या वायरी भरून ठेवल्या होत्या. गंज म्हणजे आमच्याकडचं उभ्या काठांचं मोठं पातेलं. गोणपाटात बांधलेलं ते गाठोडं आमच्या प्रत्येक बदलीत आमच्याबरोबर फिरलं, चंद्रपूर, अमरावती, परत नागपूर, आणि प्रत्येक घराच्या माळ्यावर चढलं. मी त्याला कधी हात लावला नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी नाही. रंभाबाईंनी स्टुलावर चढून ते उतरवलं.

"बापा! काय सोनं भरलं हाय का काय?" त्या म्हणाल्या.

खिळे मी एका डब्यात ओतून ठेवले. गंज बाहेरून ग्रीस आणि रंगाने काळा झाला होता. धुतलाही नाही. तसाच पिशवीत घालून रितिकाला नेऊन दिला.

ते दिवस बरे गेले. रोज चार वाजता मी भिंतीजवळच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसायची आणि रितिकाचं काम बघायची. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा होता आणि त्यावर ती एकेक भांडं टेकवून बघायची, लांब जाऊन पाहायची, परत काढायची. स्टीलची भांडी वेल्डिंगने चिकटत होती, पितळेची आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, नट-बोल्टने. मी तिच्यासाठी ताक न्यायची. ती ते उभ्याने प्यायची आणि म्हणायची, "काकू, तुम्ही बसलात की माझं काम सरळ होतं." ती कोणालाही तसं म्हणत असेल. पण दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेलं तेवढंच एक वाक्य असायचं, म्हणून मी ते घरी घेऊन जायची.

कमानीचा दुसरा खांबही पूर्ण झाला त्या संध्याकाळी तिने फोनमधले फोटो दाखवायला सुरुवात केली. "हे बाबारावकाकांचं. हे चंपतरावकाकांचं, बघा, स्वतःचंच नाव स्वतःच घातलंय. आणि हे तुमचं. पण काकू, तुमचं नाव तर यमुना ना?"

मी चष्मा पुसला. घासून लख्ख केलेल्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: सौ. मीरा श्रीधर भोयर.

"काय झालं काकू? पाणी देऊ?"

"नाही," मी म्हटलं. "कुठे लावलास हा?"

तिने बोट दाखवलं. खांबावर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. तो शेकडो भांड्यांतला एक होता आणि त्याचं नाव आतल्या बाजूला होतं.

मला आता मागची गोष्ट सांगावी लागेल. ती मी पुष्करलाही कधी सांगितलेली नाही.

सत्त्याऐंशी साली आम्ही रविनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. शेजारी मीरा. तिचे श्रीधरराव आणि हे एकाच कचेरीत. मीरा मौद्याची, माहेर-सासर दोन्ही तिथलंच, शेतकऱ्याघरची, चौथीपर्यंत शिकलेली. मी बी.ए. सकाळी पुरुष गेले की आम्ही दोघी एकमेकींच्या दारात. ती मला ज्वारीची धिरडी शिकवायची, मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि वर्षभराने ती मला वाचून दाखवू लागली. अक्षर अक्षर लावत, पण चुकत नसे. इतवारीच्या भांडे ओळीतून आम्ही दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मापाचे दोन गंज घेतले आणि तिथेच नावं घालून घेतली. येताना रिक्षात ते मांडीवर घेऊन बसलो होतो.

त्या वर्षी माझ्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. बायका पन्नासच्या वर. एका गंजात आंब्याची डाळ, एकात पन्हं. पन्ह्याचा गंज मीराचा. दुसऱ्या दिवशी कामवालीने भांडी घासली आणि मी तिच्याच हाती मीराचा गंज परत पाठवला. त्याच आठवड्यात ह्यांची चंद्रपूरला बदली झाली आणि बांधाबांध सुरू झाली. माझा गंज सापडेना. सगळं घर पालथं घातलं. आणि मग मीराच्या दारात गेले तेव्हा तिच्या ओट्यावर तो दिसला. सौ. यमुना के. देवपुजारी, ठसठशीत.

मीरा म्हणाली, "हाव, तुहाच हाय. कामवालीनं आनून देला. माहा तुह्या घरी असंन. पाह्य, अन् घेऊन ये, मंग हा घेऊन जाय."

मी म्हटलं, माझ्याकडे नाही. मी सगळीकडे पाहिलं आहे. ती म्हणाली, पुन्हा पाह्य. मी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाच-सहा बायका होत्या. सामानाचा ट्रक दुपारी येणार होता, डोकं उठलं होतं. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "दुसऱ्याच्या नावाच्या भांड्यात स्वयंपाक करतेस, वाचता येतं ना तुला?"

मीरा भरलेली बादली तिथेच सोडून आत गेली. ट्रक निघाला तेव्हा सगळं क्वार्टर बाहेर आलं होतं. तिचं दार बंद होतं.

कामवालीने चुकून माझाच गंज तिकडे नेला होता, आणि मागे राहिलेला मीराचा गंज तेव्हाच ह्यांनी मोरीजवळून उचलला असणार आणि त्यात खिळे भरले असणार. त्यांना काय, रिकामं भांडं दिसलं. सदतीस वर्षं तो माझ्याच डोक्यावर होता, आणि ज्या एका भांड्यावरचं नाव मी वाचलं नाही ते तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंभाबाईंना विचारलं, मौद्याचे भोयर ठाऊक आहेत का.

"काहून नाई? भोयरांची मीरा तं माह्या मावसबहिणीच्या गल्लीत राह्यते. म्हातारी आता खाटेवरच हाय. कंबरेचं हाड मोडलं तिचं मागच्या साली. अन् तोंड?" रंभाबाई हसल्या. "तोंड शाबूत हाय."

गणेशपेठेच्या स्टँडवरून मी मौद्यावरून जाणारी भंडाऱ्याची एस.टी. धरली. पंचाहत्तरीनंतर तिकीट लागत नाही. कंडक्टरने कार्ड पाहिलं आणि विचारलं, "आजी, एकट्याच?" मी हो म्हटलं. हा प्रश्न मला आता बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे विचारतात. कन्हानचा पूल गेला, दूर वीजकेंद्राची धुराडी दिसली आणि मला एकदम भीती वाटली. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

दार सुनेने उघडलं. साधारण पन्नाशीची.

"मीराबाई आहेत ना? त्यांना सांगा, यमुना आली आहे. रविनगरची."

ती आत गेली नाही. मला खालपासून वरपर्यंत बघत राहिली. "गंजवाल्या?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आत जाताना ती हळूच म्हणाली, "उजव्या बाजूनं बसजा. डाव्या कानानं आयकू येत नाई त्यायले."

खाटेवर मीरा एवढीशी झाली होती. केस पांढरे आणि विरळ. पण कपाळ तेच, रुंद. मी उजव्या बाजूला स्टुलावर बसले. तिने मला ओळखायला दोन क्षण घेतले, जास्त नाही.

"आली?"

"आले."

"गंज आनला?"

"नाही गं. तेच सांगायला आले. तुझा गंज माझ्याकडेच होता. मला परवाच कळलं..."

"मले त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "पाह्य म्हटलं तं पाह्यलं नाई. मंग आता खाली हातानं काहाले आली?"

मी कमानीचं सांगायला लागले. तिने हात वर करून थांबवलं. "माहा आन. मंग बोलू." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी तासभर बसले. ती झोपली नव्हती, ते तिच्या पाठीवरून कळत होतं. सुनेने चहा दिला. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर झाकण घातलेला एक गंज होता आणि त्याच्या काठावरचं नाव मी लांबूनही वाचलं. माझंच होतं. बसस्टॉपवर उभी असताना मला जाणवलं, की या जगात मला मोठ्याने रागावणारं हे एकच माणूस उरलं आहे आणि ते माझ्याशी बोलत नाही.

रितिकाला मी सगळं सांगितलं. तिने खांबाभोवती एक फेरी मारली. "काढता येईल काकू. ग्रायंडरने तीन टाके कापायचे. पण वरची दोन ताटं त्याच्यावर टेकलीत. त्याच मापाचं काहीतरी परत बसवावं लागेल, नाहीतर वरचं सगळं खाली सरकेल. आणि रविवारी उद्घाटन आहे."

"त्याच मापाचा आणते," मी म्हटलं. "मीराकडे माझा आहे."

चंपतराव धावतच आले. "वहिनी, ऐका माझं. म्हातारीले नवा गंज घेऊन देऊ ना. इतवारीतून मी स्वतः आणतो. म्हणान तं दोन आणतो."

"नवा नको. तोच हवा."

"काहून पण?"

"तिचं नाव आहे त्यावर."

"नाव तं आतल्या बाजूनं हाय. कोणाले दिसते?"

"मला दिसतं," मी म्हटलं.

चंपतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "अन् तुम्ही हा नेऊन देला, अन् म्हातारीनं तुमचा देलाच नाही, तं? रविवारी पाहुण्यायले भोक दाखवू का?"

 रितिकाने माझ्याकडे पाहिलं, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ग्रायंडर सुरू केला. ठिणग्या पार कडुनिंबापर्यंत उडाल्या. गंज निघाला तेव्हा त्याच्या काठाला तीन ठिकाणी निळे-काळे डाग पडले होते. नाव मात्र शाबूत होतं. खांबात एक गोल काळोख राहिला आणि रितिकाने वरच्या ताटांना दोरीने बांधून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा मौद्याची बस धरली. गंज पिशवीत मावत नव्हता, मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईने विचारलं, रुखवताचा का? मी हसले.

मीराला सुनेने उशी लावून बसवलं होतं. मी उजव्या बाजूला बसले आणि गंज तिच्या मांडीवर ठेवला. तिने डोळे मिटले. अंगठा काठावरून फिरवत फिरवत नावापाशी नेला आणि ठिपक्यांवरून सावकाश पुढे सरकवला, रविनगरला वर्तमानपत्राच्या ओळीवरून बोट सरकवायची तसा. शेवटच्या अक्षरापाशी थांबली. मग डागांवर बोट आलं.

"हे काय केलं वं?"

"कमानीला जोडला होता. कापून काढला."

"हं." तिने आत हात घातला. तळाशी फिरवला. डोळे उघडले. "खालीच आनला?"

ती काय म्हणते ते मला लगेच उमगलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, काही ना काही. मी लहानपणापासून हे पाळत आलेय, कामवालीच्या हाती सत्त्याऐंशीत पाठवलेल्या त्या गंजातही पाच कैऱ्या घातल्या होत्या. आणि सदतीस वर्षांनी कोरडा आणला.

"विसरले," मी म्हटलं.

मीराने सुनेला खूण केली. सुनेने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा गंज उतरवला आणि माझ्या हातात दिला. जड लागला म्हणून झाकण काढलं. अर्धा साखरेने भरलेला.

"दर संक्रांतीले भरून ठेवाले लावतात," सून म्हणाली. "म्हणे, ते येईन तं ऐन वेळेवर धावपळ नको. पावसाळ्यात साखरेले पाणी सुटते, मंग आम्हीच शिऱ्यात टाकतो, अन् संक्रांतीले परत भरतो. मी लग्न होऊन आली तवापासून हेच चालू हाय."

 मीरा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, पण मायेनेही नाही. वाट बघत होती.

"मीरा, मी त्या दिवशी नळावर जे बोलले..." मी सुरुवात केली.

"काय?"

"नळावर बोलले ते..."

"मोठ्यानं बोल. आयकू नाई येत."

मी उजव्या कानाशीच बसले होते. तिने माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलं. मग मी मोठ्याने बोलले, त्या दिवशी नळावर बोलले होते तेवढ्याच मोठ्याने. "चूक माझी होती! तू म्हणालीस, पाहा, तरी मी पाहिलं नाही! तुझा गंज माझ्या घरात होता आणि मी तुला सगळ्यांसमोर बोल लावला!"

समोरच्या घरातली बाई ओसरीवर आली. दोन मुली खिडकीशी उभ्या राहिल्या. मीराने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि परत माझ्याकडे.

"अन् वाचता कोणाले येत नव्हतं?" तिने विचारलं.

"मला!"

"हं," मीरा म्हणाली. तिने गंज स्वतःच्या बाजूला, भिंतीशी ठेवला आणि उशीवर डोकं टेकलं. "झालं. आता जाय. दीडची बस चुकली तं चारपर्यंत नाई भेटत."

आणखी काही नाही. मी थोडा वेळ बसले, वाटलं, आता विचारेल, ह्यांचं, पुष्करचं, माझ्या गुडघ्यांचं. तिने डोळे मिटले. सून मला दारापर्यंत सोडायला आली आणि ओशाळून हसली.

बसमध्ये साखर सांडू नये म्हणून झाकणावर दोन्ही हात ठेवून बसले होते. काय हवं होतं मला? गंज दिला, गंज घेतला, जे बोलायचं होतं ते बोलून झालं. आता त्या घरात जायचं काही कारण राहिलं नव्हतं. सदतीस वर्षं भांडण तरी होतं. घरी आले, कुलूप उघडलं, आणि माझ्याच नावाचा गंज ओट्यावर ठेवला. इतक्या वर्षांनी घरी आलेला तो मला परका वाटला. साखर एका डब्यात काढली. चहात तीच घालून प्याले. दुसरा कप करायला कोणी नव्हतं, तरी सवयीने दोन कपांचं पाणी ठेवलं होतं.

शनिवारी रितिकाने माझा गंज बसवला. माप तंतोतंत जमलं, वरची ताटं त्याच्यावर टेकली आणि तिने दोरी सोडली. शेवटचा टाका मारण्याआधी तिने विचारलं, "काकू, चंपतरावकाका इथे नाहीत. नाव बाहेर ठेवू? पटकन सांगा."

"आत ठेव," मी म्हटलं. "सगळ्यांचं आत आहे ना."

रविवारी सकाळी दहाला उद्घाटन होतं. दोन्हीकडून लोक आले. भाषणं सुरू व्हायची होती तेवढ्यात एक गंमत झाली. नावं दिसत नसल्यामुळे जो तो आपलं भांडं शोधू लागला. कोणी झाकणाच्या पोच्यावरून ओळखत होतं, कोणी तुटलेल्या कडीवरून. बाबाराव एका पितळी गुंडावर, म्हणजे पाण्याच्या घागरीवर, हात ठेवून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हे आमच्या बुढीचं. पाण्याले नेत होती." लेआउटमधल्या एका बाईने म्हटलं, अहो, हे तर आमच्यासारखंच आहे, आणि दोघं कमानीखाली उभ्या उभ्या बोलत राहिले. रितिका लांबून बघत होती. सभेत पडलेला तिचा चेहरा आता वेगळाच दिसत होता.

मी खांबापाशी गेले. माझा गंज ओळखायला मला काही शोधावं लागलं नाही. शेजारच्या सळीवर मीराच्या गंजाचे तीन कापलेले टाके तसेच होते. हात ठेवला तर चटका बसला, ऊन चढलं होतं.

"वहिनी, बसा ना, पहिल्या रांगेत," चंपतराव म्हणाले. "आता भाषण हाय माझं."

"मला मौद्याला जायचं आहे," मी म्हटलं. "साडेअकराची बस आहे."

"परत? आता काय राह्यलं तिथं?"

मी पिशवी सावरली आणि कमानीखालून गावठाणाच्या बाजूला निघाले, तिकडून स्टँडला जाणारी सिटी बस जवळ पडते. पिशवीत पहाटे उठून केलेली आंब्याची डाळ होती. उन्हात टिकावी म्हणून पाणी अजिबात घातलं नव्हतं, आणि डब्याभोवती ओला पंचा गुंडाळला होता. डबा मुद्दाम कपाटातला चांगला काढला होता, पुष्करच्या बारशाचा, काठावर माझं नाव घातलेला.

मीरा बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. बोलली नाही तरी डाळ ओतून घ्यायला सून आत जाईल, तेवढ्यात मी उठणार आहे. दीडची बस आहे म्हणून सांगणार आहे. आणि डबा तिथेच विसरून येणार आहे.